उम्मे कुलसूम : मकतबात घडलेला आवाज, पडद्यावर जपलेला

अरबी गाण्याचा विषय निघाला की पहिलं नाव येतं ते इजिप्तच्या उम्मे कुलसूम यांचं. इजिप्त म्हणजे आपल्या घरातल्या उर्दूत मिसर. ३ फेब्रुवारी १९७५ रोजी कैरोत त्यांचा इंतेकाल झाला. त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली, तरी अरब जगात त्यांचा आवाज रोज कुठल्या ना कुठल्या रेडिओवर, टॅक्सीत, चहाच्या दुकानात चालू असतो.

त्यांच्या मागे नुसती ध्वनिमुद्रणंच राहिली नाहीत. त्यांनी काम केलेले सहा सिनेमे आहेत, टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या तासन्‌तास चालणाऱ्या मैफली आहेत, त्यांच्या जनाज्याचं चित्रण आहे आणि पुढे त्यांच्यावर निघालेला माहितीपट आहे. एका खेड्यातल्या इमामाच्या मुलीचं आयुष्य इतक्या तपशिलाने पडद्यावर जपलं गेल्याचं दुसरं उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही. या चित्रांच्या आधारानेच त्यांची हयात इथे सांगायची आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. गाणं-बजावणं याबद्दल आपल्यात उलेमांची मतं वेगवेगळी आहेत आणि घराघरात त्यावर वेगळा शिरस्ता आहे. तो प्रश्न सोडवायला आम्ही बसलेलो नाही. आम्हाला या बाईंच्या शिक्षणात रस आहे. त्यांच्या कलेचा पाया मकतबात घातला गेला, आणि त्यांच्या आयुष्याचा एक धागा थेट आपल्या उर्दूपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून मराठी बोलणाऱ्या मुस्लिम घरांत त्यांची ओळख असायला हवी, असं आम्हाला वाटतं.

गाव, मशीद आणि मकतब

नाईल नदी समुद्राला मिळण्याआधी तिचे फाटे फुटतात. त्या सुपीक पट्ट्यात, दकहलिया प्रांतात, तम्माय अज-जहायरा नावाचं छोटंसं खेडं आहे. मातीची घरं, कापसाची शेती, एक मशीद. तिथे उम्मे कुलसूम यांचा जन्म झाला. जन्माच्या सालाबद्दल एकमत नाही. कुणी १८९८ सांगतात, कुणी १९०४. त्या काळात खेड्यातल्या मुलीची जन्मतारीख कोण लिहून ठेवत होतं? आपल्याकडच्या कितीतरी आजी-नानींचीही हीच गत आहे.

वडील शेख इब्राहिम अल-बल्ताजी गावच्या मशिदीचे इमाम होते. मुलीचं नाव त्यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या साहेबजादी हजरत उम्मे कुलसूम यांच्यावरून ठेवलं. आई फातिमा घर सांभाळायची. इमामतीच्या उत्पन्नात घर भागत नव्हतं. म्हणून शेख इब्राहिम आजूबाजूच्या गावांत लग्नसमारंभांत आणि सणावाराला हम्द, नात आणि सीरतची कलामं गायला जात. सोबत मोठा मुलगा खालिद आणि एक पुतण्या असायचा.

खालिदला मकतबात घातलं होतं. मुलीलाही पाठवायचं की नाही, यावर घरात प्रश्न उभा राहिला, कारण दोघांची फी देणं जड जात होतं. आईने आग्रह धरला आणि मुलगी मकतबात जाऊ लागली. आपल्याकडेही मुलीच्या शिक्षणाचा निर्णय बऱ्याचदा अशाच एका आईच्या हट्टावर ठरतो, हे शाळेत शिकवणाऱ्या आम्हा लोकांना चांगलं ठाऊक आहे.

मकतबात शिकवलं जायचं ते कुराण. प्रत्येक हर्फ त्याच्या मखरजातून निघाला पाहिजे. ‘काफ’ आणि ‘बडा काफ’ यांत गल्लत चालणार नाही. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, गुन्ना किती लांबवायची, मद कुठे ओढायची, याचे नियम पक्के. पुढे साठ वर्षं अरब जगाने ज्या स्पष्ट उच्चारांचं कौतुक केलं, ते याच सतरंजीवर बसून घोटलेले होते. त्यांच्या गाण्याचे जाणकार आजही हेच सांगतात की कुराण पढायला शिकलेला माणूस शब्द कसा उच्चारतो हे त्यांच्या प्रत्येक ओळीत ऐकू येतं.

मुलाच्या वेषातली मुलगी

वडील खालिदला कलामं शिकवायचे तेव्हा ही छोटी मुलगी शेजारी खेळत असायची. ऐकून ऐकूनच तिने सगळं पाठ केलं. एक दिवस वडिलांच्या कानावर तिचा आवाज पडला आणि ते चकित झाले. मग तिचीही तालीम सुरू झाली. पहिल्यांदा ती गायली ती गावच्या उमद्याच्या, म्हणजे पाटलाच्या घरी. हळूहळू पंचक्रोशीत नाव झालं. लोक शेख इब्राहिम यांना बोलवायचे आणि मुलीला आणाच, असं सांगायचे.

इथे वडिलांची कोंडी झाली. ते इमाम. मुलगी परक्या पुरुषांसमोर गाणार, गावोगाव फिरणार, ही गोष्ट त्यांच्या मनाला पटत नव्हती. पण आवाज ही अल्लाहची देणगी आहे हेही दिसत होतं, आणि घरात पैशाची गरजही होती. त्यांनी मधला मार्ग काढला. मुलीला मुलाचे कपडे घातले. अंगात बद्दू मुलासारखा लांब कोट आणि डोक्याला रुमाल बांधलेला, अशा वेषात ती कित्येक वर्षं गात राहिली. पायी, गाढवावर, कधी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून असा हा कुटुंबाचा ताफा डेल्टातली गावं पालथी घालायचा.

या वडिलांना आज हसणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर वेगळं दिसतं. त्यांनी मुलीचा आवाज दाबला नाही. तिला एकटंही सोडलं नाही. प्रत्येक ठिकाणी बाप आणि भाऊ सोबत होते. लोक काय म्हणतील ही भीती त्यांना होतीच. ती भीती मुलीच्या वाटेत आड येऊ नये म्हणून त्यांना जे सुचलं ते त्यांनी केलं.

याच काळात शेख अबुल-इला मुहम्मद यांची भेट झाली. कैरोतले हे नामवंत गायक. त्यांच्या तबकड्या मुलीने आधीच ऐकलेल्या होत्या. त्यांनी आणि तरुण संगीतकार शेख झकरिया अहमद यांनी शेख इब्राहिम यांना पटवलं की या मुलीला गावात ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. १९२३ च्या सुमारास हे कुटुंब बिऱ्हाड घेऊन कैरोला आलं.

शहरातली परीक्षा

कैरोने लगेच डोक्यावर घेतलं असं नाही. तिथे मुनीरा अल-महदिया यांच्यासारख्या नावाजलेल्या गायिका होत्या. त्यांच्याकडे वाद्यवृंद होता, रंगमंच होता, शहरी अदब होती. इकडे ही खेडवळ मुलगी, मुलाच्या कपड्यांत, मागे वाद्य नाही, फक्त बाप, भाऊ आणि नातलग साथीला. आवाजाची तारीफ व्हायची, पण बाकीच्यावर टीका.

मुलगी शिकायला तयार होती. शेख अबुल-इला यांनी गायकीची तालीम दिली. मुहम्मद अल-कसबजी यांनी ऊद आणि मकामांची बारीक समज दिली. मकाम म्हणजे अरबी संगीतातले राग म्हणा हवं तर. घरंदाज शहरी बायका कशा बोलतात, कशा बसतात, कसे कपडे घालतात हे तिने नुसतं पाहून शिकून घेतलं.

१९२६ मध्ये मोठा बदल झाला. कुटुंबातल्या साथीदारांच्या जागी कसलेले वादक आले. ऊदवर कसबजी, व्हायोलिनवर सामी अश-शव्वा, कानूनवर मुहम्मद अल-अक्काद. मुलाचा वेष गेला आणि अंगभर पण नव्या पद्धतीचा बायकी पोशाख आला. ज्या बापाने आणि भावाने तिला इथवर आणलं होतं, ते आता साथीला बसणार नव्हते. घरात तो दिवस सोपा गेला नसणार.

त्याच सुमारास एका मासिकाने तिच्या अब्रूवर शिंतोडे उडवणारा मजकूर छापला. शेख इब्राहिम यांनी सामान आवरायला घेतलं. मुलीचं नाव खराब होणार असेल तर ही गाणीही नको आणि हे शहरही नको. हितचिंतकांनी रात्रंदिवस समजूत घातली तेव्हा कुठे ते थांबले. त्या दिवशी सामान गावाकडे निघालं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

एका शायराची शाळा

शायर अहमद रामी पॅरिसला शिकून आले होते. तिथे त्यांनी फारसीचा अभ्यास केला आणि उमर खय्याम यांच्या रुबायांचा थेट फारसीतून अरबीत तर्जुमा केला. उम्मे कुलसूम यांनी आयुष्यात सुमारे ३०० गाणी गायली, त्यातली जवळजवळ निम्मी रामींची. पण गाणी लिहिण्याहून मोठं काम त्यांनी केलं. ते पुस्तकं घेऊन यायचे. जुन्या अरबी शायरीचे दिवान दोघं मिळून वाचायचे. मकतबाच्या पुढे औपचारिक शिक्षण न मिळालेल्या या बाईंनी अशा रीतीने घरबसल्या अभिजात साहित्य पचवलं. खय्याम यांच्या रुबायाही त्यांनी पुढे गायल्या, रियाज अस-सुंबाती यांच्या चालीवर.

पुढे त्या व्यवहारातही पक्क्या झाल्या. मैफलीसाठी थिएटर स्वतः भाड्याने घ्यायच्या, करार स्वतः करायच्या, कोणतं कलाम घ्यायचं आणि कुणाची चाल घ्यायची ते स्वतः ठरवायच्या. संगीतकारांच्या संघटनेच्या अध्यक्षपदी निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. ते पद त्यांनी सात वर्षं सांभाळलं.

जुमेरातीची रात्र

३१ मे १९३४ रोजी इजिप्तचा सरकारी रेडिओ सुरू झाला. त्यानंतर काही वर्षांतच एक रिवाज पडला. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंतच्या हंगामात, दर महिन्याच्या पहिल्या जुमेरातीला रात्री उम्मे कुलसूम यांची मैफल थेट रेडिओवर. दुसऱ्या दिवशी जुम्मा, म्हणजे सुट्टी. रात्री साडेनऊ-दहाला सुरू झालेली मैफल पहाटे दोन-तीनपर्यंत चालायची. गाणी फक्त दोन किंवा तीन.

त्या रात्री कैरोचे रस्ते ओस पडायचे. ज्यांच्या घरी रेडिओ नाही ते कॉफीच्या दुकानात गर्दी करायचे. मोरोक्कोपासून इराकपर्यंत लोक काटा फिरवून तेच स्टेशन लावायचे. राजे गेले, १९५२ मध्ये क्रांती झाली, जमाल अब्दुल नासिर आले, पण पहिल्या जुमेरातीची मैफल चालू राहिली. हा सिलसिला तीन दशकांहून जास्त टिकला.

सहा सिनेमे

१९३५ मध्ये कैरोत स्टुडिओ मिस्र उभा राहिला. या स्टुडिओचा पहिला मोठा सिनेमा म्हणजे १९३६ चा ‘विदाद’, आणि त्याच्या नायिका उम्मे कुलसूम. ममलूक काळातल्या एका व्यापाऱ्याची ही गोष्ट. त्याचा काफिला लुटला जातो आणि त्याच्यावर आपल्या आवडत्या गाणाऱ्या कनीजेला विकायची पाळी येते. हा सिनेमा व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही दाखवला गेला.

त्यानंतर ‘नशीदुल अमल’ (१९३७), ‘दनानीर’ (१९४०), ‘आयदा’ (१९४२), ‘सल्लामा’ (१९४५) आणि ‘फातिमा’ (१९४७). यातला ‘आयदा’ चालला नाही. ‘दनानीर’ खलिफा हारून अल-रशीद यांच्या बगदादमध्ये घडतो. वाळवंटातल्या एका मुलीचा आवाज वजीर जाफर बरमकी यांच्या कानावर पडतो आणि ती दरबारात येते, अशी ती गोष्ट. पाहताना मनात येतं की गावच्या मुलीचा आवाज मोठ्या शहरात पोहोचतो, हे तर त्यांचं स्वतःचंच आयुष्य.

‘सल्लामा’ उमय्या काळातला. त्यात एका प्रसंगात उम्मे कुलसूम कुराणाची तिलावत करतात. मकतबात काय शिकवलं गेलं होतं हे ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी तेवढा भाग जरूर पाहावा. इथे वाद्य नाही, ताल नाही. फक्त शब्द, श्वास आणि अदब. मुलांना तजवीद शिकवणाऱ्या उस्तादांनाही त्यात ऐकण्यासारखं सापडेल.

‘फातिमा’ मात्र आजच्या काळातला वाटतो. फातिमा एका साध्या मोहल्ल्यात राहणारी नर्स. एका श्रीमंत घरातला तरुण तिच्याशी लग्न करतो, पण सरकारदरबारी नोंद न होणाऱ्या कागदावर. काही दिवसांनी तो हात झटकतो आणि फातिमाच्या पदरी मूल येतं. मोहल्ल्यातले लोक तिच्या पाठीशी उभे राहतात आणि ती आपल्या मुलाच्या हक्कासाठी लढते. निकाहनामा नीट नोंदवलेला असणं मुलीसाठी किती मोठं संरक्षण असतं, हे ऐंशी वर्षांपूर्वीच्या या सिनेमाने सांगून ठेवलंय. आपल्याकडे निकाहाच्या वेळी मेन्यूवर आठवडाभर चर्चा होते आणि कागदावर पाच मिनिटंही होत नाही.

‘फातिमा’नंतर त्यांनी सिनेमा सोडला. तब्येत बिघडली होती, थायरॉइडचा आजार जडला होता आणि स्टुडिओचे प्रखर दिवे डोळ्यांना सोसेनात. पुढच्या सगळ्या चित्रांत दिसणारा तो काळा चष्मा या त्रासामुळे आला. त्याच काळात आई गेली. मकतबासाठी हट्ट धरणारी तीच आई. १९५४ मध्ये त्यांनी डॉक्टर हसन अल-हिफनावी यांच्याशी निकाह केला आणि तो संसार शेवटपर्यंत टिकला.

मैफलीचं चित्रण कसं पाहावं

जुलै १९६० मध्ये इजिप्तचं टेलिव्हिजन सुरू झालं आणि जुमेरातीच्या मैफली चित्रित होऊ लागल्या. आज इंटरनेटवर त्या सहज मिळतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याची थोडी पंचाईत होते, कारण आपल्याला चार मिनिटांच्या गाण्याची सवय आणि इथे एक गाणं तास-सव्वा तास.

पडदा वर जातो. मागे अर्धवर्तुळात काळ्या सुटातले वादक बसलेले. कानून, ऊद, नाय म्हणजे बासरी, व्हायोलिनची मोठी रांग. कुणासमोर स्वरलिपीचा कागद नाही, सगळं पाठ. समोर एका खुर्चीवर उम्मे कुलसूम शांत बसलेल्या. अंगभर लांब पोशाख, केसांचा अंबाडा, हातात रुमाल. वाद्यांचा सुरुवातीचा भाग दहा मिनिटंही चालतो आणि त्या बसूनच असतात. मग उठतात, दोन पावलं पुढे येतात आणि पहिली ओळ उचलतात.

ती एक ओळ मग पुन्हा येते. पुन्हा, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी थोडी वेगळी. कधी एका शब्दावर जास्त वेळ थांबून, कधी मकाम बदलून, कधी शेवट अलगद सोडून. लोक उभे राहतात, ओरडतात, पुन्हा म्हणा म्हणून विनवतात. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. मुशायऱ्यात चांगल्या शेरावर ‘मुकर्रर’चा पुकारा होतो, कव्वालीत एकाच मिसऱ्यावर कव्वाल पंधरा मिनिटं रेंगाळतो आणि महफिल तापत जाते. तोच हा मामला. अरबीत या तल्लीनतेला ‘तरब’ म्हणतात.

कॅमेरा तेव्हा फार हलत नसे, आणि ते चांगलंच झालं. त्यामुळे आपल्याला पूर्ण वाक्य दिसतं. त्यांचे ओठ, शब्दावरचा जोर, वादकांकडे टाकलेली एक नजर आणि त्या नजरेसरशी फिरणारा अख्खा वाद्यवृंद. श्रोत्यांकडे वळलेल्या कॅमेऱ्यात टाय लावलेला अधिकारी डोळे पुसताना दिसतो. ध्वनिमुद्रिकेत आवाज मिळतो. हा आवाज समोरच्या माणसांकडून काय घेत होता आणि त्यांना काय देत होता, हे मात्र चित्रातच कळतं.

ऊद घेऊन मागे बसलेले कसबजी ओळखू येतात. एके काळचे उस्ताद, मोठे संगीतकार, पण शेवटची वर्षं ते तिच्या वाद्यवृंदात एक साधे वादक म्हणून बसले. १९६६ मध्ये ते वारले, त्यानंतर त्यांची खुर्ची काही काळ रिकामी ठेवली गेली असं सांगतात.

इकबाल, उर्दू आणि उम्मे कुलसूम

आता तो धागा, ज्याचा उल्लेख आम्ही सुरुवातीला केला. १९६७ मध्ये उम्मे कुलसूम यांनी ‘हदीसुर-रूह’ हे कलाम गायलं. चाल सुंबाती यांची. शब्द अरबी, पण मूळ शायर अल्लामा इकबाल. त्यांच्या ‘शिकवा’ आणि ‘जवाब-ए-शिकवा’ या उर्दू नज्मांचा अरबी तर्जुमा इजिप्तचे शायर शेख सावी शालान यांनी केला होता.

महाराष्ट्रातल्या उर्दू शाळांत इकबाल यांची ‘बच्चे की दुआ’ सकाळच्या असेंब्लीत म्हटली जाते. ‘शिकवा’ आपल्या मोठ्यांना पाठ असतो. तीच नज्म अरबी होऊन कैरोच्या मंचावर पोहोचली, हे किती जणांना माहीत आहे? आपल्याला नेहमी वाटतं की अरबीकडून उर्दूने फक्त घेतलं. इथे उर्दूने अरबीला दिलं, आणि अरब जगाच्या सर्वांत मोठ्या आवाजाने ते आदराने उचललं. या गाण्यासाठी पाकिस्तान सरकारनेही त्यांचा सन्मान केला.

आमचा अनुभव असा की नववी-दहावीच्या मुलांना ‘शिकवा’ शिकवून झाल्यावर हे कलाम ऐकवलं की वर्गात वेगळीच शांतता होते. अरबी फारशी कळत नाही, पण ओळखीचे शब्द येत राहतात, रूह, कल्ब, दुआ, आणि मुलं एकमेकांकडे बघू लागतात.

हार, पॅरिस आणि पडून उठणं

जून १९६७ च्या युद्धात इजिप्तचा दारुण पराभव झाला. सगळा देश मान खाली घालून बसला. उम्मे कुलसूम तेव्हा साठी ओलांडलेल्या, आजारी. त्यांनी आधी इजिप्तच्या शहरांत आणि मग देशाबाहेर मैफली सुरू केल्या. ट्युनिशिया, लिबिया, मोरोक्को, कुवेत, लेबनॉन, सुदान. मिळालेला पैसा देशाच्या तिजोरीत. दमनहूर, तंता, मन्सूरा अशा ज्या मुलखात लहानपणी गाढवावर बसून गेल्या होत्या तिथे आता लोक दागिने काढून देत होते.

नोव्हेंबर १९६७ मध्ये पॅरिसच्या ऑलिम्पिया थिएटरमध्ये दोन मैफली झाल्या. उत्तर आफ्रिकेतून पोटासाठी फ्रान्सला आलेल्या कामगारांनी महिन्याची कमाई तिकिटावर घातली. इब्राहिम नाजी यांच्या शब्दांवरचं ‘अल-अतलाल’ हे त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं तिथे झालं. अतलाल म्हणजे पडक्या घराचे अवशेष. मैफलीच्या दरम्यान भारावलेला एक माणूस त्यांच्या पायांना हात लावायला मंचावर घुसला आणि त्यांचा तोल जाऊन त्या खाली पडल्या. त्या उठल्या आणि पुढे गायल्या. पराभवातून उठू पाहणाऱ्या लोकांनी त्या क्षणात काय पाहिलं असेल, ते सांगायला नको.

जनाजा

१९७२ च्या हंगामानंतर मूत्रपिंडाच्या आजाराने त्यांना मैफली बंद कराव्या लागल्या. ३ फेब्रुवारी १९७५ रोजी त्या गेल्या. दोन दिवसांनी कैरोच्या उमर मकरम मशिदीपासून जनाजा निघाला. त्याचं चित्रण आहे आणि ते पाहताना अंगावर काटा येतो. रस्त्यावर लाखोंचा जमाव. थोड्याच वेळात लोकांनी अधिकाऱ्यांच्या खांद्यावरून जनाजा आपल्या खांद्यावर घेतला. ठरलेला रस्ता बाजूला राहिला. खांदे बदलत, तासन्‌तास शहरभर फिरत तो सय्यदना हुसैन मशिदीत नेला गेला, कारण ही मशीद त्यांना प्रिय होती असं लोक मानत होते. नमाज झाली आणि मग दफनविधी. इमामाच्या लेकीला शेवटी लोकांनीच मशिदीत आणून पोहोचवलं.

नंतरचे माहितीपट

१९९६ मध्ये अमेरिकन दिग्दर्शिका मिशल गोल्डमन यांनी ‘उम्मे कुलसूम : अ व्हॉइस लाइक इजिप्त’ हा तासाभराहून थोडा मोठा माहितीपट काढला. निवेदन प्रसिद्ध इजिप्शियन अभिनेते उमर शरीफ यांचं. जुन्या मैफलींचे तुकडे, डेल्टातलं ते गाव आणि कैरोची साधीसुधी माणसं यांतून तो उलगडत जातो. घरात एकत्र बसून पाहण्यासारखी ही चीज आहे.

१९९९ मध्ये त्यांच्या आयुष्यावर अरबी मालिका आली. अभिनेत्री साबरीन यांनी त्यांची भूमिका केली. रमजानच्या महिन्यात, इफ्तारनंतर अख्ख्या अरब जगाने ती पाहिली. मुलाच्या वेषातली ती मुलगी, काळजीत पडलेले शेख इब्राहिम, फीसाठी झगडणारी आई हे सगळं नव्या पिढीने या मालिकेतून ओळखलं. २००१ मध्ये कैरोत नाईलच्या काठी त्यांचं संग्रहालय उघडलं. तिथे त्यांचा चष्मा, रुमाल, पोशाख आणि हस्तलिखित कागद ठेवलेले आहेत.

आपण काय घ्यायचं?

आमच्या शाळांत नात आणि किरातच्या स्पर्धा होतात. पाचवी-सहावीतल्या मुली पुढे येतात, इतक्या सुंदर पढतात की ऐकत राहावं. आठवी-नववीत त्याच मुली मागच्या बाकावर जातात. आवाज गेलेला नसतो. घरून नको म्हणतात, किंवा कुणी काही म्हणेल म्हणून मुलगीच गप्प होते. प्रत्येक मुलीने गायिका व्हावं असं आमचं म्हणणं मुळीच नाही. पण शेख इब्राहिम यांना शंभर वर्षांपूर्वी, त्या खेड्यात, एवढ्या भीतीतही काहीतरी मार्ग सुचला होता. आपल्याला तेवढाही सुचू नये? तो मुलींच्या मैफलीतला असेल, शाळेच्या मंचावरचा असेल, रेडिओवरचा असेल किंवा मुलींना तजवीद शिकवणाऱ्या आपाचा असेल. घराच्या चौकटीत बसणारा मार्ग घराने शोधावा, पण शोधावा.

दुसरी गोष्ट जपणुकीची. इजिप्तने आपला आवाज रेडिओत, फिल्मवर, संग्रहालयात सांभाळून ठेवला. आपल्या कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या घरांत लग्नाची गाणी म्हणणाऱ्या खाला-फुफी आहेत, मिलादचे जुने कलाम पाठ असलेले बुजुर्ग आहेत, दर्ग्यावर हयात घालवलेले कव्वाल आहेत. त्यांच्यासाठी कुठलाही स्टुडिओ येणार नाही. पण आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. त्यांची परवानगी घ्यावी, शांत खोलीत बसवावं, पंखा बंद करावा, पूर्ण कलाम एकसलग टिपावं आणि त्यावर नाव, गाव, तारीख लिहून ठेवावी. एवढं काम नववीतला मुलगा किंवा मुलगी आरामात करू शकते, आणि ते यंदाच्या सुट्टीत होण्यासारखं आहे.

उम्मे कुलसूम यांचं पहिलं शिक्षण एका गरीब मकतबात झालं आणि त्याची फी एका आईने हट्टाने भरायला लावली. पुढचं सगळं त्यानंतर आलं. अल्लाह मरहूमांची मगफिरत करो, आणि त्या आईचीही.